स्मारकाची मागची बाजू

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी आमच्या शहराच्या कौन्सिलने युद्धस्मारक चौकातून उचललं आणि कोर्टाच्या भिंतीला लावलं. स्मारकाच्या मागच्या बाजूवर माझ्या वडिलांचं नाव आहे. आई तेव्हा होती.

आता पुन्हा नोव्हेंबर आला आहे. फरसबंदीवर पानं चिकटून बसली आहेत, बुटाच्या टोकाने उचकटली तरी निघत नाहीत. दुपारी चारलाच लायब्ररीतले दिवे लावावे लागतात. कोटांवर लढाईतल्या मृतांच्या आठवणीच्या लाल कागदी पॉपी अजून दिसतात. बाजारात बादल्यांमधून शेवंती आली आहे, पिवळी आणि विटकरी. तिच्या वासाने मी अजूनही थबकते. मिरजेला हा वास सणाचा होता. इथे तो ओल्या लोकरीच्या, कोळशाच्या धुराच्या आणि बँडच्या पितळेच्या वासात मिसळून गेला आहे. वर्षातला हा एक महिना मला नको असतो. आणि तो बरोबर वेळेवर येतो.

मँचेस्टरहून ट्रेनने तासाभरावरचं हे गिरण्यांचं शहर. सुधीरला, माझ्या नवऱ्याला, इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली तेव्हा त्याच्या मित्रांनी त्याला वेड्यात काढलं होतं. लंडन सोडून, एडिनबरा सोडून, तिथे काय आहे? तिथे माझे वडील होते. म्हणजे नव्हते, पण जे काही उरलं असेल ते तिथेच होतं. मी तीन वर्षांची असताना ते डॉक्टरकीच्या फेलोशिपच्या परीक्षेसाठी विलायतेला आले. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली, बोटी बंद झाल्या, आणि ते इथल्या हॉस्पिटलात रात्रपाळी करत राहिले. लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्या हॉस्पिटलचा एक भाग बॉम्बने पडला. वॉर्डात हलवता न येणारे रोगी होते, म्हणून ते आणि एक नर्स खाली तळघरात गेले नाहीत. मिरजेला तार आली. हाती काही लागलं नाही म्हणून दर्भाची आकृती करून तिला अग्नी दिला. आईला ते कधीच पटलं नाही. ती म्हणायची, "मी गवत जळताना पाहिलं. माणूस नाही पाहिला."

स्मारक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते काळंकुट्ट होतं. इथला वालुकाश्म मुळात मधासारखा असतो, पण गिरण्यांच्या धुराने सगळं शहरच काळं झालेलं. आठ बाजूंचा जाड खांब, वर घुमटासारखी टोपी, खाली भोवताली दगडी वाट. देवदूत नाही, सिंह नाही, मान खाली घातलेला शिपाई नाही. शहरातले लोक त्याला 'पेपरपॉट' म्हणत, मिरपुडीचं भांडं. पहिल्या महायुद्धानंतर वर्गणी काढून ते उभारलं. ज्या वास्तुशिल्पीने आराखडा काढला तो इथलाच. त्याच्या ऑफिसात नकाशे काढणारी पोरं लढाईवर गेली आणि परत आली नाहीत. उद्घाटनाच्या वेळी छापलेली त्याची छोटी पुस्तिका आमच्या लायब्ररीत आहे. मी तिथे कामाला लागल्यावर सगळ्यात आधी जे वाचलं त्यात ती होती. त्याने लिहिलंय की या स्मारकाला तोंड नसावं. तोंड असलं की पाठ येते, आणि पाठीवर कुणाचं तरी नाव येतं. माणसांनी भोवती फिरत वाचावं, म्हणून वाट गोल ठेवली आहे.

वाचताना मला हसू आलं होतं. प्रदक्षिणेची वाट बांधली होती साहेबाने, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

पण तोंड नसलेली गोष्ट माणसांना फार दिवस सोसत नाही. दर नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला महापौर टाउन हॉलच्या पायऱ्या उतरून आला की जी बाजू आधी लागे तिथेच उभा राही. बिशप त्याच्या शेजारी, बँड त्यांच्या समोर, पुष्पचक्रं सगळी तिथेच. चाळीसेक वर्षं एका जागी उभं राहून त्यांनी त्या खांबाला तोंड दिलं. त्याच्या उलट बाजूला बँकेची बोळ होती, कबुतरं होती, कचऱ्याचे डबे होते.

साठच्या दशकात, आई आमच्याकडे राहायला आल्यावर दोन-तीन वर्षांनी, कौन्सिलने ठरवलं की बॉम्बहल्ल्यात मेलेल्या शहरवासीयांचीही नावं स्मारकावर कोरायची. तोवर ती कुठेच नव्हती. नातेवाइकांना टाउन हॉलमध्ये बोलावलं. उंच छताची खोली, चहाची मोठी किटली, बशीत कडक बिस्किटं. नात्यातली माणसं म्हणजे बहुतेक म्हाताऱ्या बायका, हॅट घातलेल्या. आई नऊवारीवर सुधीरचा जुना ओव्हरकोट घालून माझ्या शेजारी बसली होती. गळ्यात साखळी असलेले एक ऑल्डरमन, म्हणजे कौन्सिलचे ज्येष्ठ सभासद, उभे राहिले. म्हणाले, दोनच बाजू कोऱ्या उरल्या आहेत. एक बाजाराकडची, बसच्या रांगेतून दिसणारी. दुसरी, दुर्दैवाने, मागची. सगळी नावं बाजाराकडे मावणार नाहीत. काही कुटुंबांनी आपणहून मागची बाजू पत्करली तर समितीवर उपकार होतील.

खोलीत चमचे वाजायचे थांबले. कुणी कुणाकडे बघेना.

"काय म्हणतायत गं?" आईने मला कोपराने ढोसलं.

"दोन बाजू मोकळ्या आहेत. एक बाजाराकडची, एक पाठीमागची. पाठीमागची कुणाला हवी विचारतायत."

"पाठीमागची? आणि कुणी मागत नाही?"

"नाही."

"मग बसलीस काय कुसुम, माग की! दुसरं कुणी घेईल."

आणि माझी वाट न बघता तिने स्वतःच हात वर केला. कोटाची ढगळ बाही खांद्यापर्यंत घसरली. बांगडी नसलेला तो उघडा हात मला आत्ता लिहितानाही दिसतो. शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखा वर केलेला. ऑल्डरमन इतके हलके झाले की ते चालत आमच्यापर्यंत आले. आईचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले की हा फार मोठा त्याग आहे, शहर हे विसरणार नाही. आईने मान डोलावली. बाहेर पडल्यावर मला म्हणाली, "हात का धरला त्याने? ओळख ना देख."

गाडीत सुधीर म्हणाला, "आई, मागची का घेतलीत पण? तिथे कोण बघणार?"

"तुम्ही देवळात जाता ते समोरून हात जोडून पळता, सुधीरराव. मागे कधी गेलात?"

"मागे काय असतं?"

"बघा. डॉक्टर झाले."

मिरजेच्या आमच्या देवळात, आणि मला वाटतं आपल्याकडच्या पुष्कळ देवळांत, प्रदक्षिणा घालताना गाभाऱ्याच्या मागे क्षणभर थांबायचं. भिंतीला कपाळ टेकवायचं. हाताने हलकेच थाप मारायची, मी आलेय म्हणून. समोर गर्दी असते, पुजारी असतो, घंटा असते, पुढे सरका म्हणणारं कुणी असतं. मागे कुणी नसतं. भिंतीच्या पलीकडे देवाची पाठ असते, आणि त्याहून जवळ माणसाला जाता येत नाही. त्या दगडाला इतक्या कपाळांनी घासून खळगा पडलेला. आईचं नवऱ्याशी जे काही बोलणं झालं, तार आल्यानंतरची सगळी वर्षं, ते त्या भिंतीशी झालं होतं. तिच्यासाठी मागची बाजू म्हणजे उरलेली जागा नव्हती. सगळ्यात जवळची जागा होती. इंग्रजांच्या देशात मागची बाजू म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मला दोन्ही अर्थ कळत होते. त्यातला आईचा मला खरा वाटला, आणि अजूनही वाटतो.

नावं कोरून झाली त्या नोव्हेंबरात आम्ही गेलो. काळ्या दगडात कोरलेली ताजी अक्षरं आतून पिवळी निघाली होती. काजळीच्या खालचा मूळ दगड. आई बघतच राहिली. "हळदीने लिहिल्यासारखं आहे," म्हणाली. मग चपला काढल्या. त्या थंडीत, ओल्या दगडावर, लोकरीच्या मोज्यांनी. तिने प्रत्येक बाजूपाशी शेवंतीचं एक एक फूल ठेवत वळसा घातला. "सगळी फुलं एकाच बाजूला देतात," ती पुटपुटली, "बाकीचे काय परके?" आणि मागे येऊन वडिलांच्या नावावर कपाळ टेकवलं. हाताने थाप मारली. पलीकडून बिशपचा आवाज येत होता.

एक पोलीस वळून आला. "बरं वाटतंय ना त्यांना?"

"शी इज ऑल राइट, लव्ह," माझ्याआधी दुसऱ्याच कुणीतरी उत्तर दिलं. "नवऱ्याला भेटतीये ती. तू जा, बँड ऐक."

ती हार्डकासलबाई. वडिलांबरोबर वॉर्डात थांबलेल्या नर्सची, एडिथची, मोठी बहीण. तिच्या घरच्यांनी मागची बाजू मागितली नव्हती. बाजाराकडची बाजू भरल्यावर जी नावं उरली ती मागे गेली, त्यात एडिथ गेली. त्या दिवशी आईला बघून तिने स्वतःचा हातमोजा काढला आणि बहिणीच्या नावावर दोन टिचक्या मारल्या, दार वाजवावं तशा. "एडी, उठ गं. पाहुणे आलेत."

पुढची सगळी वर्षं त्या दोघी तिथे भेटत राहिल्या. आई मराठीत बोलायची, हार्डकासलबाई तिच्या गिरणीच्या इंग्रजीत, आणि मी मध्ये बहुतेक नको असायचे. आईने तिला डिंकाचे लाडू दिले. तिने ते फायरप्लेसवर शोभेला ठेवले असावेत असा सुधीरचा कयास होता. "तुझ्या आईला सांग," ती मला म्हणायची, "आमच्या एडीने डॉक्टरांना फार छळलं असणार. तोंडाळ होती." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "तिला म्हणावं, यांना गरज होतीच." आणि दोघी हसल्या. मृतांच्या नावाखाली, दोन मिनिटांच्या शांततेला अजून थोडा वेळ असताना. समोरून कुणीतरी "श्श" केलं.

हळदीची अक्षरं हळूहळू काळवंडत गेली. मला त्याचं वाईट वाटायचं, आईला नाही. "मुरतंय," म्हणायची.

सत्तरच्या दशकात शहराला मोटारींसाठी रुंद रस्ता हवा झाला. नवं बस स्टेशन, कार पार्क, चौकात राउंडअबाउट. आराखडे लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर लोकांच्या हरकतींसाठी मांडले होते. मीच ते टाचण्यांनी लावले. स्मारक चौकातून उचलून कोर्टाच्या भिंतीला पाठ करून बसवलेलं दिसत होतं. मी हरकत लिहिली, हार्डकासलबाईने लिहिली. उत्तर येईना तेव्हा आम्ही दोघी आणि आई कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक तरुण इंजिनिअर आला. कानांपुढे जाड कल्ले, रुंद टाय, अतिशय सभ्य.

"दर्शनी बाजूला काहीच फरक पडणार नाही, मिसेस जोशी," तो म्हणाला. "उलट नावांना वाऱ्यापावसापासून संरक्षण मिळेल."

"वाचणार कोण ती?" हार्डकासलबाई म्हणाली. "कोर्टाच्या विटा?"

मी वास्तुशिल्पीची पुस्तिका बरोबर नेली होती. तोंड नसावं, पाठ नसावी, ते पान मी त्याच्यापुढे उघडून ठेवलं. त्याने ते सावकाश वाचलं. वाचलं हे खरं. मग म्हणाला, "फार छान आहे. हे घरी नेता येतं का लायब्ररीतून?"

मी म्हणाले, आमची विनंती एवढीच आहे की चारी बाजूंनी जाता येईल इतकी जागा ठेवा. माणसाला भोवती फिरता आलं पाहिजे. तो आत जाऊन आला आणि थोडा अवघडून बोलला. "समितीने याचा विचार केला होता. पण आमच्याकडच्या नोंदीप्रमाणे मागची बाजू तुमच्या कुटुंबाने स्वतःहून मागितली होती. खास विनंती करून. त्यामुळे समितीला वाटलं की दर्शनी असण्याला तुमच्या लेखी तेवढं महत्त्व नसावं."

हार्डकासलबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला ते माहीत नव्हतं, टाउन हॉलमधल्या त्या सभेला ती आली नव्हती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपल्यासारख्याच याही मागे ढकलल्या गेल्या आहेत.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

मी सांगितलं. सौम्य करून सांगता आलं असतं, पण आईला माझा आवाज कळायचा. तिने ऐकून घेतलं. काउंटरच्या लाकडावर बोटाने रेघ ओढत राहिली.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "मीच मागितली होती." मग जरा वेळाने, "हात धरून त्याग त्याग म्हणत होता तो साखळीवाला, तेव्हाच मला विचारायला हवं होतं, कसला त्याग म्हणून."

इंजिनिअरने विचारलं, "त्यांचं समाधान झालं का?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. त्या माणसाने काही वाईट केलं नाही. कुणीच केलं नाही, आणि मला त्याचाच राग येतो. कुणी नाव पुसलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही, सगळ्यांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं. आमची भक्ती कागदावर उतरवताना तिचा उदासीनपणा झाला आणि तोच कागद आमच्यासमोर धरला गेला. एखाद्या देशात राहायचं म्हणजे काय काय शिकावं लागतं, याची यादी लोक आम्हाला आल्या आल्या देत असत. रांग कशी लावायची, हवामानावर काय बोलायचं. जवळ जाण्याची खूण इथे मागे राहण्याची खूण समजली जाते, हे त्या यादीत नव्हतं.

मग तो सोमवार. क्रेनने दगड उचलले, लॉरीवर घातले, पाच मिनिटांच्या अंतरावर नेऊन पुन्हा रचले. रचले अगदी अचूक. ती काळजी त्यांनी घेतली. समोरची बाजू समोर, मागची मागे. त्याच्या आधी दगड वाळूच्या फवाऱ्याने घासून काढले होते, तेव्हा अख्खं स्मारक मधाच्या रंगाचं झालं. पेपरात फोटो आला. फोटोत ते खरंच सुरेख दिसत होतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आई पहिल्यांदा समोर उभी राहिली, गर्दीत. हातात शेवंतीची फुलं होती, पण वळसा कुठून घालणार? एका बाजूने रस्ता, एका बाजूने भिंत. आम्ही जरा पुढे सरकलो तशी बिल्ला लावलेला एक माणूस नम्रपणे म्हणाला, "पुढची जागा नातेवाइकांसाठी राखीव आहे, मॅडम."

मी काही बोलणार, तेवढ्यात आईने माझी बाही ओढली. "असू दे. भांडू नकोस इथे. त्यांना ऐकू जाईल." 'त्यांना' म्हणजे बिल्लेवाल्याला नव्हे.

कार्यक्रम संपून माणसं पांगल्यावर आम्ही तिघी बाजूने गेलो. दगड आणि भिंत यांच्यात फट होती, हाताचा पंजा आडवा जाईल एवढी. आत अंधार आणि आताच कुणीतरी टाकलेलं चॉकलेटचं वेष्टन. हार्डकासलबाईने कोटावरची पॉपी काढली, फटीत धरली आणि छत्रीच्या टोकाने आत सारली. "घे, एडी," ती म्हणाली. "चांगली जागा मिळवून दिली तुला." मग आईकडे वळून, मला भाषांतर करायला न सांगता, "यू अँड युवर बॅक साइड." रागाने म्हणाली का चेष्टेने, ते मला तेव्हा कळलं नाही. आई मात्र हसली. हार्डकासलबाईचा दंड धरून ती बस स्टॉपपर्यंत चालत गेली.

फुलं आईने फटीत टाकली नाहीत. घरी परत आणली आणि स्वयंपाकघरात पेल्यात ठेवली. "अंधारात कशाला," म्हणाली.

त्यानंतर ती गेली नाही. पुढच्या नोव्हेंबरात मी विचारलं तर म्हणाली, "लांबून नमस्कार करायला मिरजेहून कशाला यायला हवं होतं?" वाटाणे सोलत होती, मान वर केली नाही. घरात एखाद्या दुपारी ती माझ्या कपाटापाशी उभी दिसे, भिंतीला कपाळ लावून. मी आवाज न करता बाहेर जात असे. मागच्या हिवाळ्यात ती गेली, सुधीरच्याच हॉस्पिटलात, माझा हात हातात होता. अग्नी दिला तो इथल्या विजेच्या दाहिनीत. मी माणूस पाहिला. तेवढं एक तिच्यापेक्षा मला जास्त मिळालं.

हार्डकासलबाई आता मुलीकडे समुद्रकाठी राहते. नाताळला कार्ड पाठवते. त्यावर फक्त तिचं नाव आणि एडीचं.

आज जेवणाच्या सुट्टीत मी तिकडे गेले. समोर गेल्या रविवारची पुष्पचक्रं होती, पावसाने भिजलेली. मी बाजूला गेले, कोट काढला, नाहीतर बाही अडकते. फटीत हात मनगटापर्यंत जातो, पुढे जात नाही. बोटांना वडिलांच्या आडनावातलं, देवधरमधलं, पहिलं इंग्रजी अक्षर लागतं, एक उभी रेघ आणि तिला पोट. बाकीचं नाव आत आहे.